गोरोबांचे हात

तेरमध्ये तेरणा नदीच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते आणि आमच्या भागातल्या पोराटोरांनाही काकांची गोष्ट तोंडपाठ असते. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं, ते काकांना कळलंच नाही. पुढे विठ्ठलाची शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून टाकले. मग पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात सगळ्यांनी टाळी वाजवायला हात वर केले, तेव्हा काकांच्या थोट्या बाहूंनाही हात फुटले आणि चिखलात गेलेलं मूल रांगत आईकडे आलं.

मी नववीला विज्ञान शिकवतो. प्राण्यांच्या ऊतींचे चार प्रकार फळ्यावर लिहून झाले होते : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या वडिलांची दोन बोटं कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, "सर, गोरोबाकाकांचे हात परत आले. मग आमच्या आप्पाची बोटं का येत नाहीत?" वर्गात कुणी हसलं नाही. आमच्याकडे घरटी एखादी तरी कुट्टीची, कोयत्याची किंवा मळणीयंत्राची जखम असते.

ऊतींचा पाठ या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवा, असं मला तेव्हापासून वाटतं. पुस्तकात चार ऊतींच्या चार आकृत्या असतात आणि मुलं त्या चार निरनिराळ्या गोष्टी म्हणून पाठ करतात. शरीरात त्या अशा सुट्या कुठेच सापडत नाहीत. एका बोटात चारही असतात, एकमेकींत गुंतलेल्या, आणि प्रत्येकीची भरून येण्याची कुवत वेगळी. बोट परत येत नाही ते यामुळे.

म्हणून मी मुलांना आधी स्वतःचा हात बघायला लावतो. तळहात बाकावर पालथा ठेवायचा आणि पेटी वाजवल्यासारखी बोटं एकेक करून उचलायची. हाताच्या पाठीवर कातडीखाली दोऱ्या सरकताना दिसतात. दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरला, तर तिथलं मांस हलताना लागतं. बोटं वाकवणारे आणि ताठ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, बारीकसारीक हालचालींचे लहान स्नायू तळहातात असतात, आणि तिथून निघालेले स्नायुरज्जू बोटांची हाडं कळसूत्री बाहुलीसारखी ओढतात. एका हातात अशी २७ हाडं. मुलं थक्क होऊन कितीतरी वेळ बोटं हलवत राहतात. हे पाहिल्यावर स्नायू आणि संयोजी ऊती यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही : ओढतो तो स्नायू, आणि ती ओढ हाडापर्यंत पोचवतो तो रज्जू. रज्जू स्वतः आकुंचन पावत नाही. तो कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंचा असतो, आणि त्या तंतूंमध्ये पेशी विरळ विखुरलेल्या असतात.

शरीराकडे असं थराथराने पाहायला झेवियर बिशा या फ्रेंच वैद्याने शिकवलं. जन्म १७७१ चा, मृत्यू १८०२ चा. उणंपुरं तीस वर्षांचं आयुष्य. पॅरिसमध्ये प्रेतांचं विच्छेदन करताना त्याच्या लक्षात आलं की हृदय, जठर, फुप्फुस ही इंद्रियं वेगवेगळी असली तरी त्यांचे पापुद्रे पुन्हा पुन्हा तेच आहेत. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. तो पापुद्रे सुकवून, उकळून, आम्लात घालून त्यांचं वागणं बघायचा. त्याने असे २१ प्रकार मोजले. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले, पेशी दिसू लागल्या आणि ते प्रकार चारांत सामावले गेले. आयुर्वेदाने त्याच्या कितीतरी आधी शरीर रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र अशा सात धातूंत पाहिलं होतं. धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात आजही ते धातू शिकवले जातात. दोन्ही मांडण्या एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण इंद्रियाच्या आत शिरून ते कशाचं झालंय हे विचारण्याची जिज्ञासा दोन्हीकडे आहे, आणि ती मला मोलाची वाटते.

आता भरून येण्याबद्दल. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि मग चार-पाच महिने फडावर. उन्हाळ्याच्या तोंडाला ही माणसं परततात, तेव्हा त्यांचे हात बघावेत. उसाच्या पाचटाची धार बारीक पात्यासारखी लागते. मनगटापासून दंडापर्यंत तिचे ओरखडे असतात. तळहातावर, बोटांच्या मुळाशी, जिथे कोयत्याची मूठ रुतते तिथे पिवळट, टणक घट्टे असतात. एकदा पालकसभेला आलेल्या एका बाईचा हात मी मुलांसमोर बघायला मागितला आणि त्यांनी मोठ्या मनाने पुढे केला. घट्ट्यावर टाचणी टेकवली तर त्यांना टोचलेलं कळत नव्हतं. ओरखडे मात्र बहुतेक पुसट झाले होते.

त्या एका हातावर अभिस्तर ऊतीचा सगळा धडा होता. या ऊतीत पेशी एकमेकींना चिकटून, मध्ये फट न ठेवता बसतात. कातडीच्या सर्वांत खालच्या थरात नव्या पेशी सतत जन्मतात, वर सरकतात, त्यांच्यात केराटिन नावाचं प्रथिन भरतं, त्या मरतात आणि मेलेल्या थराच्या रूपाने आपलं रक्षण करून झडून जातात. हा प्रवास साधारण महिनाभराचा. एकाच जागी रोज दाब आणि घासणं आलं की खालचा थर जास्त पेशी पाठवतो आणि घट्टा तयार होतो. ओरखड्याच्या कडेच्या पेशी सरकत येऊन उघडी जागा झाकतात. आतड्याच्या आतलं अस्तर तर याहून तत्पर. ते चार-पाच दिवसांत नवं होतं. पचलेलं अन्न शोषून घ्यायचं, पाणी आत-बाहेर सोडायचं, घाम, लाळ आणि पाचकरस तयार करायचे, जंतू अडवायचे, ही सगळी कामं याच ऊतीची. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. खालच्या संयोजी ऊतीतून झिरपेल त्यावर ती जगते.

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवलं, तर पुण्याजवळ घडलेली एक थोर गोष्ट समजते. टिपू सुलतानाशी इंग्रजांच्या झालेल्या युद्धात कावसजी नावाचा बैल हाकणारा एक मराठा इंग्रज फौजेत होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. हा कारागीर विटा पाडणाऱ्या जातीतला होता, असं इंग्रजी वृत्तान्तात लिहिलं आहे. आपल्याकडे ते काम कुंभाराचं. त्याने मेणाचं नाक करून पाहिलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवली. दोन भुवयांच्या मधला एक चिंचोळा पट्टा मात्र त्याने कापला नाही. त्या पट्ट्यातून रक्त येत राहिलं आणि वळवलेली कातडी जिवंत राहिली. कडा काताच्या लेपाने चिकटवल्या. सुमारे २५ दिवसांनी, नव्या जागेवरच्या रक्तवाहिन्या त्या कातडीत शिरल्यावर, तो पट्टा कापला. ही हकीकत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने पुढे १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातल्या नाकाच्या शस्त्रक्रियेला नवं वळण लागलं. सुश्रुताच्या परंपरेतलं ते ज्ञान पुण्याच्या एका कारागिराच्या बोटांत जिवंत होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

कावसजीला नाक मिळालं. हात मिळाला नाही. कातडी आणि तिच्या खालची मऊ संयोजी ऊती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता आली, कारण तिला एवढंच हवं होतं की रक्त पोचत राहावं. हातात हाड आहे, स्नायू आहेत, चेता आहेत. ते त्या कारागिराच्या आवाक्यात नव्हतं, त्या काळी जगात कुणाच्याच नव्हतं.

हाड मात्र कातडीइतकंच उदार आहे. ते मेलेलं, दगडासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्यात रक्तवाहिन्यांचे बारीक बोगदे आहेत आणि त्यांच्याभोवती वर्तुळावर्तुळाने बसलेल्या जिवंत पेशी आहेत. मोडलं की आधी रक्त साकळतं, मग मऊ सांधा धरतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो, आणि पुढे महिनोन्‌महिने शरीर त्याला घासूनपुसून मूळ आकारावर आणतं. नीट जुळलेल्या हाडात व्रण उरत नाही. जखम भरून आल्यावर कातडीवरही व्रण राहतो, हाडात राहत नाही, हे ऐकून मुलांना नवल वाटतं. मलाही वाटतं. हाडाच्या आत, अस्थिमज्जेत, रक्त तयार होत असतं. तेही संयोजी ऊतीतच मोडतं, आणि त्यातली प्रत्येक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगून बदलली जाते. याच कुळातली कूर्चा मात्र अभागी. गुडघ्याच्या सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर ती गुळगुळीत गादी धरते, पण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. झिजली की जवळजवळ भरून येत नाही. फडात वाकून आणि डोक्यावर मोळ्या वाहून पन्नाशीत गुडघे धरून बसणाऱ्या बायका आमच्या प्रत्येक गावात आहेत.

कठीण झालेली ऊती किती टिकते ते बघायचं असेल तर पुन्हा तेरलाच यावं. प्राचीन तगर ते हेच. रोमच्या बाजारांशी व्यापार करणाऱ्या या गावात सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. १९३८ मध्ये इटलीतल्या पोम्पेईच्या राखेत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे. हस्तिदंत म्हणजे दाताचाच कठीण भाग, हाडाच्या जातकुळीतला, कोलॅजनच्या जाळीत खनिज भरलेला. त्या हत्तीची कातडी, त्याचे स्नायू, त्याच्या चेता कधीच मातीत मिसळल्या. जवळपास दोन हजार वर्षांनी उरला तो एवढा भाग.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं, आता लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. वाचलेल्यांच्या शरीरावर काय गेलं हे मी पुढे त्या भागातल्या लोकांकडून ऐकलं, आणि ऊतींचा धडा शिकवताना ते मला आजही आठवत राहतं.

ज्यांची हाडं मोडली होती त्यांतले बहुतेक दोन-तीन महिन्यांत चालू लागले. स्नायूंचा प्रकार वेगळा असतो. तासन्‌तास दगडाखाली चिरडलेल्या मांडीतले स्नायू आतल्या आत मरतात. दगड उचलला की त्यांतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन एकदम रक्तात उतरतं. पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडं. बाहेर काढलेला, बोलणारा, पाणी मागणारा माणूस मग काही तासांनी किंवा दिवसांनी दगावतो. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ मध्ये, बायवॉटर्स या डॉक्टरने हे नीट वर्णन करून ठेवलं. म्हणूनच आता दगड हलवण्याआधी शिरेतून सलाइन सुरू करावं असं शिकवतात. हातापायांचे स्नायू थोडीफार डागडुजी करू शकतात, कारण त्यांच्या तंतूंच्या कडेला राखीव पेशी असतात. जास्त नुकसान झालं तर मात्र मांसाच्या जागी तंतुमय व्रण येतो आणि व्रण आकुंचन पावत नाही. हृदयाच्या स्नायूला तेवढीही सवड नाही. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला भाग व्रणानेच भरतो. जठर, आतडी, गर्भाशय यांचे आपल्या इच्छेबाहेर चालणारे स्नायू याबाबतीत बरे. सत्तरेक ग्रॅमचं गर्भाशय नऊ महिन्यांत किलोभर होतं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा आवरून बसतं.

चेता ऊतीकडे आलं की गोरोबाकाकांच्या हाताचा खरा प्रश्न समोर येतो. २०१४ मध्ये मुंबईतल्या एका तरुणीने लोकलखाली दोन्ही हात गमावले. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईतल्या एका मेंदूमृत माणसाच्या कुटुंबाने दिलेले दोन हात विमानाने मुंबईत आले आणि तिला बसवले गेले. आधी हाडं जोडायची, मग रक्तवाहिन्या, स्नायुरज्जू आणि चेता शिवायच्या, शेवटी कातडी. कावसजीच्या कारागिराला न जमलेल्या तिन्ही गोष्टी आता जमल्या होत्या. पण शिवलेल्या चेतेतून लगेच काही वाहत नाही. मूळ चेतापेशीचं शरीर मणक्यापाशी असतं आणि तिचा लांब तंतू हातात येतो. तुटल्यावर पुढचा भाग मरतो आणि उरलेलं टोक पुन्हा वाढत बोटाकडे निघतं, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तंतूभोवतीच्या श्वान पेशी त्याला वाट दाखवतात. बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. शिवाय परक्या ऊतीला शरीराने झिडकारू नये म्हणून आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. आप्पांची बोटं आपोआप येणार नाहीत, कारण नव्या बोटासाठी चार ऊतींनी एकाच वेळी, ठरल्या जागी, ठरल्या आकारात वाढायला हवं, आणि माणसाच्या शरीराला ते जमत नाही. सॅलॅमँडर या प्राण्याला जमतं. तो तुटलेला पाय हाडामांसासकट पुन्हा उगवतो. पण तुटलेलं बोट ताबडतोब स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून काही तासांत योग्य दवाखान्यात नेलं, तर ते जोडता येऊ शकतं. बोट थेट बर्फात टाकायचं नाही. हे तिने वहीत लिहून घेतलं.

मेरुरज्जूला मात्र ही १ मिलिमीटरची सवलतही नाही. पाठीच्या मणक्यांतून जाणारी ती करंगळीएवढ्या जाडीची, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची दोरी. तिथे श्वान पेशी नाहीत. तुटलेल्या जागी व्रण होतो आणि तिथली द्रव्यं तंतूला पुढे वाढू देत नाहीत. कंबरेच्या वर ती तुटली की पाय जातात, मानेत तुटली की हातही. भूकंपानंतर अंथरुणाला किंवा चाकाच्या खुर्चीला खिळलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची हाडं जुळली होती, कातडी भरली होती. आणि मेरुरज्जूची प्रत्येक इजा अपघाताच्या क्षणीच झालेली असते असं नाही. मणका मोडलेला असतो, पण आतली दोरी शाबूत असते. घाईने उचलताना मोडक्या हाडाचं टोक तिच्यात घुसतं.

आमच्याकडे झाडावरून, विहिरीत, बैलगाडीवरून किंवा मोटारसायकलवरून माणूस पडला की चारजण धावतात. एक काखेत हात घालतो, एक पाय धरतो, त्याला उठवून बसवतात, पाणी पाजतात, आणि जीपमध्ये किंवा टमटममध्ये दुमडून दवाखान्याला पळवतात. मायेपोटीच करतात, पण असं करू नका. आग, पाणी किंवा वाहतूक यांचा धोका नसेल तर त्याला जागचा हलवू नका. उठवून बसवू नका. एकाने डोकं दोन्ही हातांनी शरीराच्या रेषेत स्थिर धरा आणि १०८ ला फोन लावा. हलवावंच लागलं, तर चार-पाच जणांनी डोकं, पाठ, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवून एकदम उचला, सपाट फळीवर किंवा काढलेल्या दारावर ठेवा, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावा. शाळेत, गावसभेत, बायकांच्या बचत गटात हे एकदा करून दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.